चौथा कोर उत्तर देत नाही

"कानावर गेलं नाय तर सुतक लागत नाय. तिच्याकडं घट बसलेत, बसू दे."

उरणला, मामाच्या घराच्या मागच्या पडवीत पाण्याचा तांब्या घेऊन उभी असताना हे वाक्य मी ऐकलं. बोलत होती सुमनमावशी, माझ्या आईची मोठी बहीण. मामी समोर भिंतीला टेकून नुसती मान हलवत होती. आणि पुढच्या खोलीत बाळामामाला जमिनीवर ठेवलं होतं. सकाळी चहा पिता पिता बसल्या जागी गेला. कप हातात तसाच होता म्हणे, सांडलासुद्धा नाही. नवरात्रातली सातवी माळ होती.

'तिच्याकडं' म्हणजे माझ्या आईकडे. आई त्या वेळी पनवेलजवळच्या आमच्या विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये होती आणि तिच्या समजुतीप्रमाणे मी ऑफिसला गेले होते. शेजारच्या कदमकाकूंना तिच्याजवळ बसवून आले होते. आईचं बायपास होऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले होते — दोन महिने धक्का बसेल असं काही नको. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, घरी आम्ही दोघीच. आणि बाळामामा तिचा एकुलता एक भाऊ, चार वर्षांनी लहान. बंदरावर क्रेन चालवायचा. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला त्याचा आईला फोन यायचाच.

मावशीचं माझ्याकडे लक्ष गेलं. "आनि मने, तू गं... तू तशी पन कुठं बोलतेस? तुला काय जड जानार?"

तशा घरातसुद्धा दोघीतिघी हसल्या.

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे. आजपर्यंत एक कमेंटसुद्धा केली नाही, फक्त वाचलं. आणि खरं सांगायचं तर विश्वास ठेवून नाही वाचलं. तुमचे अनुभव वाचताना मी मनात प्रत्येकाला कारण लावत बसायचे — हे स्लीप पॅरालिसिस, हा गॅस लीक, हिला ताप असणार. माझं कामच तसं आहे. काहीही बिघडलं तरी त्याचा लॉग, म्हणजे मशीनने स्वतः लिहिलेली नोंद, असतो, आणि लॉग नीट वाचला की कारण सापडतं, असं मला वाटायचं. म्हणून हे लिहायला इतके महिने लागले. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी लिहायचा सराव नाही, तेवढं सांभाळून घ्या.

माझं काम थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. सोपं करून सांगते.

मी एका कंपनीसाठी बहुतेक घरूनच काम करते. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो सगळ्यात आतला भाग असतो, कर्नल, त्याच्या मेमरीचं काम. माझ्या टेबलावर एक छोटा बोर्ड असतो, कारखान्यातल्या मशीनमध्ये बसतो तसला. त्याला चार कोर आहेत — चार माणसं एका ऑफिसात काम करतायत असं समजा. कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे याची मोठी वही एकच. पण दरवेळी वहीपाशी जायला वेळ जातो, म्हणून प्रत्येकजण आपल्या खिशात एक चिठ्ठी ठेवतो. आमच्या भाषेत त्या चिठ्ठीला कॅश म्हणतात, पैशांची नव्हे. आता एखादं कपाट रिकामं करून दुसऱ्याला द्यायचं असेल, तर नुसती वही बदलून भागत नाही. चौघांना निरोप पाठवायचा — या कपाटाची चिठ्ठी फाडा. चौघांनी 'फाडली' असं उलट कळवायचं. आणि चौघांची उत्तरं येईपर्यंत ते कपाट कुणालाच द्यायचं नाही. एकाच्याही खिशात जुनी चिठ्ठी राहिली, तर तो बिनधास्त त्याच कपाटात हात घालतो. तिथे आता दुसऱ्याचं सामान आहे हे त्याला माहीतच नसतं. एका जागेत दोघं. मग काहीही होऊ शकतं.

उन्हाळ्यात मी एक पॅच, म्हणजे कर्नलमधला छोटा बदल, लिहिला होता. चारपैकी एखादा कोर झोपलेला असेल, तर निरोप देण्यासाठी त्याला उठवायचं नाही. उठवण्यात वेळ आणि बॅटरी फुकट जाते. नुसती खूण करून ठेवायची. जाग आली की आधी तो खूण बघेल आणि चिठ्ठी फाडेल. सगळ्यांना आवडला होता. आमचा लीड विनय, तो पुण्याचा, बंगळुरूच्या ऑफिसात बसतो. तो मीटिंगमध्ये म्हणाला होता, "झोपलेल्याला कशाला उठवायचं? बरोबर आहे मॅडमचं." मी म्यूटवर होते. अंगठ्याचा इमोजी टाकला.

उरणहून परत आले त्या संध्याकाळी आईने विचारलं, "आज बाळाचा फोन नाही आला गं."

मी सांगितलं, "त्याचा फोन पाण्यात पडला. दुरुस्तीला दिलाय म्हणाली मामी."

हे मावशीनेच ठरवून दिलेलं वाक्य होतं. आई म्हणाली, "वेंधळाच आहे तो," आणि देवापाशी माळ बांधायला मला खुर्ची आणायला सांगितली. मी खुर्चीवर चढून माळ बांधली. ती खालून हात जोडून उभी होती.

पुढचे बारा दिवस तसेच गेले. मामाचं दहावं झालं, बारावं-तेरावं झालं. मी प्रत्येक वेळी आईला ऑफिसचं सांगून उरणला गेले. आईला छातीच्या टाक्यांमुळे हात वर करता यायचे नाहीत, म्हणून रोज सकाळी तिचे केस मी विंचरायचे. ती पाठमोरी असायची, मला तिचं तोंड दिसायचं नाही, तिला माझं. सांगायला याहून सोपी वेळ नव्हती. तीनदा तरी मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत काम करत होते आणि बाहेरून आईचं बोलणं ऐकू आलं.

"अरे पन तू जेवतोस का नाय? ...मं? चाय पन नाय देत? काय बोलतोस तू... थांब, मी बोलते तिला."

माझे हात थांबले. कारण आई माझ्याशी, काकूंशी, डॉक्टरांशी, अगदी सुमनमावशीशीसुद्धा असं बोलत नाही. लग्न होऊन पनवेलला आल्यावर तिने भाषा बदलली ती बदलली. ही भाषा ती फक्त एका माणसाशी बोलायची. लहानपणापासून मी दुसऱ्या खोलीतून ऐकून ओळखायचे — मामाचा फोन आहे.

बाहेर गेले तेव्हा ती फोन टेबलावर ठेवत होती. चेहरा कितीतरी दिवसांनी खुललेला.

"कोण होतं?"

"बाळा. या वेळेला दुसरं कोण असणार? फोन झाला वाटतं दुरुस्त. आवाज जरा लांबून येतो, पण येतो." मग जरा गंभीर झाली. "घरात कुणी त्याच्याशी बोलत नाही म्हणतो. रिकामा कप घेऊन बसलोय म्हणतो सकाळपासून. तू मामीला विचार जरा, भांडलेत की काय."

फोटो डिलीट करून देते असं सांगून मी तिचा फोन घेतला. त्या दिवशी एकही कॉल आलेला नव्हता. मामाच्या नंबरवरून शेवटचा कॉल सहाव्या माळेचा. मी बाथरूममध्ये जाऊन मामाचा नंबर लावला. स्विच्ड ऑफ. मामीने तो बंद करून कपाटात ठेवलाय हे मला माहीत होतं, माझ्यासमोरच ठेवला होता.

बायपासनंतर काही लोकांना भास होतात, गोंधळल्यासारखं होतं, असं मी वाचलं. मला कारण मिळालं. रडायला आलं, पण कारण मिळालं.

दोन दिवसांनी, पुन्हा तीच वेळ, पुन्हा तेच बोलणं. फोन ठेवल्यावर आई चिडली होती.

"त्याच्या खाटेवर कुणा बाईला झोपवलंय म्हणे. पायाला प्लास्टर घातलेली. मला म्हणतो, ताई, मी बसू कुठं? माझीच जागा, नि मलाच सरकावं लागतं. अरे, घरच्या माणसाची खाट अशी देतात का कुणाला?"

मी खाली गेले, पार्किंगमध्ये उभी राहिले आणि मामीला फोन लावला.

"मामी, तुमच्याकडे कोणी राहायला आलंय का?"

"शकू आलीय ना, माजी बहीन. घसरून पाय मोडला तिचा, परवाच आनली. तुला कुनी सांगितलं?"

"कुठे झोपते ती?"

"त्यांच्याच खाटंवर. खिडकीपाशी हाय ना, वारा येतो. ...का गो?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. हे आईला कोणी सांगितलं असेल? मामी नाही, मावशी नाही — मावशीला शकू आल्याचंच माहीत नव्हतं, ते मी नंतर विचारलं. तुम्ही म्हणाल दुसऱ्या कुणी नातेवाइकाने. मग कॉल कुठे आहे? मी फोन कंपनीच्या अ‍ॅपमध्येसुद्धा बघितलं. नाही.

त्याच दिवशी मावशीला सांगितलं — आईला सांगू या, मला नाही जमत आता. भास होतात तिला, एवढंच म्हणाले. बाकीचं म्हणायची हिंमत झाली नाही.

"डॉक्टर काय बोलला होता? धक्का नको. तुला आईस जड झाली का?"

"तसं नाही मावशी..."

"दिवाळी होऊ दे. भाऊबीज झाली की मी स्वतः येते नि सांगते. शिकली एवढी इंग्लिश शाळंत, तोंडातून शब्द फुटला नाय कधी, आनि आता हिला बोलायचंय!"

भाऊबीज झाली की. आई भाऊबिजेला कुणाची वाट बघणार होती, याचा विचार मावशीने केला होता का कोण जाणे. तिला वाटत होतं मी काहीतरी सांगेन, मला वाटत होतं ती सांगेल. मामीला वाटत होतं आम्ही दोघी बघून घेऊ.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना दाखवायला मी मोबाइलवर चार ओळी टाइप करून ठेवल्या होत्या. आई पूर्ण वेळ माझा हात धरून बसली. डॉक्टर म्हणाले, "छान रिकव्हरी. अशाच आनंदात राहा." मोबाइल माझ्या दुसऱ्या हातात होता. तो मी खाली ठेवला.

ऑफिसच्या कामात त्याच आठवड्यात आणीबाणी चालू होती. बोर्डांवर डेटा खराब होत होता, एकाच्या जागेत दुसऱ्याचं काहीतरी लिहिलं जात होतं. तीन दिवस शोधून चूक सापडली आणि ती माझ्याच पॅचमध्ये सापडली. झोपलेला कोर एका विशिष्ट पद्धतीने जागा झाला, तर खूण बघायचीच राहून जात होती. तो जुनी चिठ्ठी घेऊन कामाला लागत होता. 'जाग आल्यावर बघेल' हे मी गृहीत धरलं होतं, पण त्या एका वाटेवर बघायला लावणारं कोणीच नव्हतं. मी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं की चूक माझी आहे आणि पॅच काढून टाकला. आता झोपलेला असो की जागा, प्रत्येकाला निरोप जाणार, प्रत्येकाचं उत्तर येणार, मगच जागा दुसऱ्याला.

बंगळुरूला सगळे बोर्ड नीट चालले. माझ्या टेबलावरचा दुसऱ्या दिवशी सकाळी थांबला.

लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा — चौथा कोर उत्तर देत नाही. तिघांनी चिठ्ठी फाडली, चौथ्याकडून काहीच नाही. अशा वेळी वीसेक सेकंदांत बोर्ड स्वतःहून रीस्टार्ट व्हायला हवा. तो झाला नाही. नऊ मिनिटं तसाच वाट बघत राहिला, मग चौथ्याने उत्तर दिलं आणि काहीच न झाल्यासारखा पुढे चालू लागला. दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटं. तिसऱ्या दिवशी सात.

विनयला लॉग पाठवले. त्याने तीन वेळा वाचले आणि फोनच केला. "हे होऊच शकत नाही. इथे शंभर वेळा चालवलं. तुझ्या घरात भूतबीत आहे का गं?"

तेव्हा माझं लक्ष लॉगमधल्या वेळेकडे गेलं होतं. अकरा सतरा. अकरा सोळा. अकरा सतरा.

मी बोर्डची केबल बदलली, चार्जर बदलला, वायफाय बंद करून बघितलं. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडं ठेवून बसले. बाहेर आई "हां, बोल" म्हणाली आणि माझ्या स्क्रीनवर ती ओळ आली. दहा मिनिटं. "बरं, ठेवते" म्हणाली आणि बोर्ड चालू झाला.

तिच्या फोनमुळे, नेटवर्कच्या लहरींमुळे — मीही तेच म्हटलं असतं. पण तिचा फोन वाजलाच नव्हता.

त्यानंतर मला झोप आली नाही. कारण काय चाललंय ते मला माझ्याच कामाच्या भाषेत कळत होतं, आणि ते कळू नये असं वाटत होतं. मामाची जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. आणि एका माणसाच्या खिशात अजून जुनी चिठ्ठी होती.

मामीचा फोन आला, आवाज खाली करून. "मने, तू तवा का विचारलंस शकूबद्दल? ती बोलते, सकाळी अकराच्या सुमाराला खाटंच्या कडंला कोन येऊन बसतं. गादी दबते. मला वाटलं औषदाची गुंगी."

मग मी मामीला सांगितलं. सगळं. आयुष्यात इतकं सलग मी कुणाशी बोलले नसेन. ती रडली. मग म्हणाली, "घरात नको घेऊ गो त्यांना. आपलं मानूस असलं तरी. असं आलेलं मानूस रिकाम्या हातानं नाय जात."

दिवाळी तीन दिवसांवर होती. आईने बसल्या बसल्या करंज्या भरल्या, मी तळल्या. मामाला खोबऱ्याच्या आवडतात म्हणून एक डबा वेगळा. आणि रोज सकाळचं बोलणं आता वेगळं झालं होतं.

"यायचं म्हणतोय भाऊबिजेला," आई म्हणाली. "पण रस्ता सापडत नाही म्हणतो. सगळीकडे पूल झालेत ना नवीन, जुन्या खुणाच राहिल्या नाहीत. मीच सांगते त्याला."

आणि ती सांगायची. मी दाराआडून ऐकायचे. "कुठवर आलास? ...जासई? मग सरळ ये." दुसऱ्या दिवशी, "गव्हाण फाट्याला थांबलास का? हां, उजवीकडं नको वळू." पाडव्याच्या दिवशी, "उरण नाका आला? मग आलासच की! नदीवरचा पूल उतरलास की आमचं विचुंबं."

त्याच पाडव्याला मामीने मेसेज केला. 'दोन दिस झाले खाटंवर कोन बसत नाय. गेले बहुतेक.' आणि हात जोडलेले दोन इमोजी.

मी मावशीला फोन केला, तिने उचलला नाही. पुन्हा केला. नंतर मेसेज आला, 'पाहुणे आहेत, उद्या बोलू.' कदमकाकूंच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. काय सांगणार होते? आईला सांगितलं तर तिचं हृदय. नाही सांगितलं तर तो दारात. मी बेसिनपाशी उभी राहून आरशात बघून म्हणायचा सराव केला — आई, मामा गेला. तीन शब्द. ओठ हलत होते.

शेवटचं सांगण्याआधी लॉगचं सांगून टाकते, कारण तुमच्यातले काहीजण तेच विचाराल. तो बोर्ड भाऊबिजेनंतर एकदाही थांबला नाही. तोच बोर्ड, तोच कर्नल, तेच टेबल. विनयने लॉग दोन सीनियर लोकांना दाखवले, एकाने लिहिलं की असं नऊ-दहा मिनिटं अडकून पुन्हा चालू होणं शक्य नाही, लॉगमध्येच काहीतरी चूक असणार. तो बग 'पुन्हा घडवता येत नाही' म्हणून बंद झाला. याचं कारण तुमच्याकडे असेल तर सांगा, पण भास म्हणू नका. प्लास्टर भास नव्हतं.

भाऊबिजेची सकाळ. आईने पाट मांडला, भोवती मला रांगोळी काढायला लावली. नवीन साडी नेसायला तिला मदत केली, केस विंचरले. पुन्हा तिची पाठ माझ्याकडे. पुन्हा काही नाही. तिने ताम्हनात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या.

अकरा सतराला तिने टेबलावरचा फोन उचलला. मी दोन पावलांवर होते. तो वाजला नव्हता, थरथरला नव्हता, स्क्रीन काळी होती.

"आलास? खाली हायस? अरे मग ये की वर. चवथा माला. लिफ्टनं ये, जिने नको चढू."

मग माझ्याकडे वळून, "मने, दार उघड."

लिफ्ट वर येत असल्याचा आवाज मी ऐकला. आमच्या मजल्यावर थांबली. आमच्या लिफ्टचं दार कुणी उघडून तसंच ठेवलं की आतून रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागते. ती बोलायला लागली. "कृपया दरवाज़ा बंद करें." पुन्हा. पुन्हा. बेल वाजली नाही. दाराखालच्या फटीत पॅसेजचा उजेड सरळ पडलेला, मध्ये कुणाचे पाय नव्हते.

आईने निरांजन लावलं. ताम्हन उचलून उभी राहिली. हात जेमतेम छातीपर्यंत, त्याहून वर जात नव्हते. "उघड ना गं. ताटकळलाय तो."

माझा हात कडीवर होता. मी दाराला पाठ लावली आणि तिच्याकडे तोंड केलं.

"आई, बाळामामा गेला."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"सातव्या माळेला. सकाळी, बसल्या जागी. आज पंचवीस दिवस झाले. मी उरणला गेले होते, ऑफिसला नाही. सगळ्यांना माहीत आहे. मला माहीत होतं."

ताम्हन तिच्या हातातून पडलं नाही. तिने ते वाकून सावकाश खाली ठेवलं, आणि मग पाटावरच बसली. त्याच्यासाठी मांडलेल्या. मी गोळी घेऊन धावले. तिने माझा हात बाजूला केला. "दुखत नाही मला," म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण श्वास नीट होता, मी मोजत होते. बाहेर ती बाई बोलतच होती, दरवाज़ा बंद करें, दरवाज़ा बंद करें.

आईने मला का, कसं, कुणी ठरवलं, काही विचारलं नाही. पाटाशेजारी ठेवलेला फोन उचलला. मग मामाशी बोलायची तीच भाषा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आनि त्याला?"

"त्याला काय, आई?"

"त्याला कुनी सांगितलं का? एका झटक्यात गेला बोलतेस. मं त्याला कसं कळनार? येवढा रस्ता शोधत आला तो..." तिने फोन माझ्यासमोर धरला. "माज्यानं नाय बोलवनार, मने. तू सांग."

मी फोनवर बोलत नाही. जेवणसुद्धा अ‍ॅपवरून मागवते. मी तो काळा फोन घेतला आणि कानाला लावला. पलीकडे कुणी बोललं नाही. पण कुणी नसताना फोन जसा लागतो, तसाही तो लागत नव्हता.

मी म्हणाले, "मामा, मी मनू बोलतेय. मामा... तू गेलायस रे. आम्ही सगळ्यांनी सगळं केलं, तुला सांगायचंच राहून गेलं."